गाडीतळ आणि गाडीखाना : वाहनतळाच्या नियमाचे परीक्षण

१

एखाद्या काळाची घराविषयीची कल्पना समजून घ्यावयाची असेल, तर त्या काळातील कथा-कादंबऱ्यांइतकेच त्या काळातील बांधकामाचे नियमही वाचले पाहिजेत. कादंबरीतील घर वाचकाच्या मनात उभे राहते. नियमातील घर विटा-सिमेंटचे होऊन प्रत्यक्ष उभे राहते आणि त्यात राहणाऱ्या माणसाने नियमाचे एक अक्षरही वाचलेले नसले, तरी त्याच्या अंगणाची रुंदी, जिन्याची जागा आणि दारापुढची फरशी त्या अक्षरांनीच ठरलेली असते. असे असूनही नियमसंहितांचे परीक्षण बहुधा त्यांच्या अंमलबजावणीच्या अंगाने होते. त्या काय गृहीत धरतात आणि काय वगळतात, या दृष्टीने त्यांचे वाचन क्वचितच केले जाते. प्रस्तुत परीक्षणाचा विषय अशाच एका नियमाचा एक भाग आहे : इमारतीच्या भूखंडावर, म्हणजे रस्त्याच्या बाहेर, वाहने उभी करण्यासाठी किती जागा राखावी आणि तेथपर्यंत वाहन कोणत्या वाटेने जावे, यासंबंधीची तरतूद.

महाराष्ट्रात या तरतुदीचा आजचा मुख्य आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याअन्वये डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. तत्पूर्वी नगरानगरांचे नियम वेगवेगळे होते. बृहन्मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे व अन्य काही अपवाद वगळता राज्यातील महानगरपालिका, नगरपरिषदा आणि प्रादेशिक योजनांची क्षेत्रे या सर्वांना एकाच संहितेखाली आणण्याचे काम तिने केले. पुण्यातील बहुमजली वसाहत आणि पालघर तालुक्यातील मुरब्यासारखे मच्छीमारांचे किनारी गाव ही दोन्ही एकाच तक्त्यापुढे येऊन उभी राहतात, ती या एकीकरणामुळे. नियमाची खरी परीक्षा पुण्यात होत नाही. ज्या ठिकाणासाठी तो मनात धरून लिहिला गेला, तेथे तो बऱ्याच अंशी जुळणारच. त्याची परीक्षा मुरब्यासारख्या ठिकाणी होते.

२

प्रथम शब्दाचा विचार करू जाता एक लक्षणीय गोष्ट ध्यानी येते. मूळ संहिता इंग्रजीत आहे. मराठी प्रशासनव्यवहारात त्यातील संकल्पनेसाठी ‘वाहनतळ’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुघड आहे. परंतु त्यातील ‘तळ’ या पदाला मराठीत स्वतःचा इतिहास आहे. सैन्याचा तळ पडतो, पालखीचा तळ पडतो, आरमाराचा तळ असतो. या प्रत्येक प्रयोगात दोन अर्थच्छटा आढळतात : एक तात्पुरत्या मुक्कामाची, दुसरी अनेकांनी मिळून वापरावयाच्या जागेची. पालखीतळ कोणा एका दिंडीच्या मालकीचा नसतो. पुण्यालगतच्या हडपसर येथे ‘गाडीतळ’ हे नाव आजही चालू आहे. त्या नावातूनही येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या जेथे विसावत अशा सामायिक जागेचा बोध होतो.

याच्या जोडीला मराठीत दुसरा एक शब्द आहे : ‘गाडीखाना’. पुण्यातच हे नावही एका जागेला चिकटून राहिले आहे. गाडीखाना, पागा, तबेला हे शब्द खाजगी वैभवाचे आहेत. ज्याच्या पदरी घोडा वा गाडी, त्याने ती ठेवण्यासाठी स्वतःच्या वाड्यालगत केलेली ती सोय. गाडीखाना सर्वांना असला पाहिजे असे कोणी कधी म्हटले नाही, कारण गाडी सर्वांपाशी नव्हती.

आता नियमातील तरतूद या दोन शब्दांच्या प्रकाशात वाचली म्हणजे तिचे स्वरूप स्पष्ट होते. नियम ज्याला वाहनतळ म्हणतो तो तळ नाही. तो प्रत्येक भूखंडाच्या कुंपणाच्या आत, त्या भूखंडापुरता आणि कायमचा आहे. अर्थाने तो गाडीखाना आहे. नियमाने केले ते इतकेच की, एके काळी गाडीवाल्याच्या इच्छेवर असलेला गाडीखाना घर बांधणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरविला आणि त्याला नाव मात्र सार्वजनिक जागेचे दिले. हा निव्वळ शब्दच्छल नाही. रस्त्यावरील वाहनांचा प्रश्न हा मुळात सार्वजनिक जागेच्या वाटपाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रत्येकाच्या खाजगी जागेत शोधणे हा एक निर्णय होता, आणि तो निर्णय कोठून आला हे पाहणे उद्बोधक आहे.

३

इमारतीबरोबर वाहनाची जागा सक्तीने मागण्याची पद्धत अमेरिकेत उगम पावली. ओहायो राज्यातील कोलंबस या शहराने १९२३ साली सदनिकांच्या इमारतींसाठी अशी अट घातल्याचा दाखला नगररचनेच्या इतिहासात नेहमी दिला जातो; कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोने १९३९ साली ती इस्पितळे व हॉटेले यांना लावली. दुसऱ्या महायुद्धानंतर, मोटार ही मध्यमवर्गीय अमेरिकन कुटुंबाची नित्याची वस्तू झाली तेव्हा, ही अट तेथील बहुतेक नगरांच्या नियमांत शिरली. भारतात १९७० साली राष्ट्रीय इमारत संहितेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि देशभरातील नगरांना नियमांचा एक समान साचा मिळाला.

ज्या देशात ही पद्धत जन्मली, तेथेच तिच्यावरील सर्वांत मर्मग्राही टीका झाली हे विसरता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘फुकट’ वाहनतळाची किंमत कोण भरतो हा प्रश्न उभा केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, किमान जागेचे आकडे शास्त्रीय दिसले तरी बहुधा अंदाजाने ठरविलेले असतात. आणि सक्तीने बांधलेल्या जागेचा खर्च घराच्या भाड्यात, दुकानातील मालाच्या किमतीत आणि नोकराच्या पगारातील कपातीत मिसळून जातो. परिणामी ज्याच्याजवळ मोटार नाही तोही मोटारीच्या जागेचे पैसे देतो. त्यानंतरच्या काळात न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराने २०१७ साली ही किमान अट काढून टाकली, आणि कॅलिफोर्नियाने २०२२ साली सार्वजनिक वाहतुकीच्या मोठ्या थांब्यांच्या परिसरात ती लादण्यास कायद्याने बहुतांशी मनाई केली. लंडनने तर २००४ च्या सुमारासच किमान मर्यादेच्या जागी कमाल मर्यादा आणली होती. म्हणजे महाराष्ट्राने २०२० साली जी पद्धत एकत्रीकृत केली, तिचा फेरविचार तिच्या माहेरी तोपर्यंत सुरू होऊन गेला होता.

४

नियमावलीच्या तक्त्याची रचना थोडक्यात अशी आहे. निवासी इमारतीत सदनिकेच्या चटई क्षेत्राप्रमाणे गट पाडले आहेत आणि प्रत्येक गटामागे मोटारी किती व दुचाकी किती, याची गणती दिली आहे. सदनिका मोठी तशा मोटारी अधिक. ती लहान होत जाते तशी मोटारींची गणती उतरते आणि दुचाकींचे प्रमाण वाढते. मोटारीसाठी २.५ मीटर × ५ मीटर व दुचाकीसाठी १ मीटर × २ मीटर अशी मापे आहेत. शिवाय निरनिराळ्या प्राधिकरणांच्या प्रतवारीनुसार या संख्यांना लावावयाचे गुणक आहेत. लहान भूखंडावरील स्वतंत्र एककुटुंबी घरालाही सवलत आहे.

या रचनेचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. दुचाकीला मोटारीच्या बरोबरीने तक्त्यात स्थान देणे ही महाराष्ट्रातील वस्तुस्थितीची योग्य जाणीव आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे २१ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती, तर मोटार सुमारे ४.७ टक्के कुटुंबांकडेच होती. त्यानंतर दोन्ही संख्या वाढल्या असल्या, तरी त्यांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. गुणकांची योजनाही समंजस आहे. कारण मोठ्या शहराची अट जशीच्या तशी लहान गावाला लावणे अन्यायाचे झाले असते. शिवाय असा कोणताच नियम नसता, तर विकासकाने भूखंडाचा कण न् कण विकून वाहनांचा सारा भार रस्त्यावर टाकला असता, ही भीतीही निराधार नाही.

तथापि तक्त्याचे मूळ गृहीतक तपासले पाहिजे. ते असे की, घराच्या क्षेत्रफळावरून त्या घरातील वाहनांची संख्या कळते. हे शहरी मध्यमवर्गाच्या सदनिकेविषयी ढोबळपणे खरे असेल. पण मोठे घर हे सर्वत्र मोठ्या उत्पन्नाचे चिन्ह नसते. किनारी गावांत, आदिवासी पाड्यांत, शेतकऱ्यांच्या वस्त्यांत घराचे क्षेत्रफळ माणसांच्या संख्येवर आणि कामाच्या गरजेवर अवलंबून असते. एका घरात तीन भावांचे संसार, त्यांची जाळी, दोर, बर्फाच्या पेट्या, वाळवणाच्या टोपल्या, असे असले म्हणजे घर मोठे होते. तेवढ्याने दारी मोटार येत नाही.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. १२.५ चौरस मीटर ही केवळ मोटार उभी राहण्याची जागा. तेथे जाण्यायेण्याची वाट आणि वळण्याची मोकळीक धरता, नगररचनेच्या प्रचलित मापकांत एका मोटारीमागे उघड्यावर सुमारे २३, आच्छादित तळमजल्यावर सुमारे २८ आणि तळघरात सुमारे ३२ चौरस मीटर जागा धरली जाते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात संपूर्ण घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविले आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे राज्याने एका कुटुंबासाठी पुरेशी मानलेली जागा आणि एका छपराखालील मोटारीसाठी आवश्यक मानलेली जागा यांत मोटारीचेच पारडे जड दिसते. दोन्ही आकडे आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत. परंतु त्यांना एकमेकांची ओळख नाही. नियमसंहितेचा दोष बहुधा कोणत्याही एका कलमात सापडत नाही, तो अशा अनोळखीपणात असतो.

५

प्रवेशमार्गाची तरतूद त्याहून सूक्ष्म आहे. वाहनाच्या जागेला रस्त्यापासून पुरेशी वाट असावी, आणि ती वाट व वळण्याची जागा मूळ गणतीत धरू नये, असा नियमाचा आशय आहे. तांत्रिक दृष्टीने हे निर्दोष आहे. कारण ज्या जागेपाशी गाडी पोहोचू शकत नाही ती जागा असून नसल्यासारखी.

परंतु येथे एक साधे गणित वगळले गेले आहे. रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी राहण्यास सुमारे पाच ते सहा मीटर लांबी लागते. भूखंडात शिरण्यासाठी फाटक ठेवले की, त्या फाटकापुढे आणि वळणासाठी त्याच्या दोन्ही बाजूंस थोडीथोडी जागा मोकळी सोडावी लागते. म्हणजे जवळजवळ तेवढीच लांबी रस्त्याच्या कडेतून कायमची वजा होते. आत एक गाडी राहिली आणि बाहेर एका गाडीची जागा गेली. लहान दर्शनी रुंदीच्या भूखंडांच्या गल्लीत प्रत्येकाने हा नियम पाळला, तर जागेची एकूण बेरीज फारशी वाढत नाही. फरक पडतो तो असा की, पूर्वी जी जागा कोणालाही वापरता येत होती, ती आता एका घराच्या फाटकापुढे राखून राहते. शिवाय प्रत्येक फाटकाशी पदपथ कापला जातो, उतार काढला जातो, आणि पायी चालणाऱ्याला दर काही पावलांवर उतरावे-चढावे लागते. नियमाच्या तक्त्यात या चालणाऱ्याचा स्तंभ नाही.

रस्ता मोकळा करण्याचा हेतू धरून निघालेली तरतूद लहान भूखंडांच्या बाबतीत रस्त्याच्या कडेचे खाजगीकरण करून थांबते. मोठ्या वसाहतीत, जेथे शंभर गाड्यांसाठी एकच फाटक पुरते, तेथे हा दोष संभवत नाही. यावरून तक्ता लिहिणाऱ्यापुढे चित्र कोणत्या वस्तीचे होते, हे सहज कळते.

६

सक्तीने निर्माण केलेल्या या जागेची मालकी कोणाची, हा प्रश्न नियमाने सोडविला नाही. तो न्यायालयापुढे गेला. मुंबईतील दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था आणि नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड ही विकासक कंपनी यांच्यातील वादात स्टिल्टखालील, म्हणजे खांबांवर मोकळ्या सोडलेल्या तळमजल्यावरील, पंचवीस जागांवर विकासकाने हक्क सांगितला होता. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्ती लोढा यांनी लिहिलेल्या या निर्णयाचा गाभा व्याख्येत आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका अधिनियमात ‘सदनिका’ या संज्ञेत ‘गॅरेज’चा समावेश होता. मग चारी बाजूंनी मोकळी असलेली खांबांखालची जागा गॅरेज होते काय? न्यायालयाचे उत्तर असे की, ती ना सदनिका ना गॅरेज. ती इमारतीच्या सामायिक भागात मोडते, आणि म्हणून विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने गॅरेजची व्याख्या करताना छप्पर आणि तीन बाजूंना भिंती ही लक्षणे सांगितली व उघडी जागा त्यातून वगळली.

वाङ्मयीन परीक्षणाच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व असे की, तळ आणि खाना यांतील जुना भेद न्यायालयाला निराळ्या शब्दांत पुन्हा मांडावा लागला. भिंती असतील तर ती खाजगी, नसतील तर सामायिक. नियमावलीत मात्र या भेदाचा संबंध चटईक्षेत्र निर्देशांकापुरताच येतो : बंदिस्त गॅरेज निर्देशांकात मोजले जाते, मोकळा वाहनतळ मोजला जात नाही. त्यामुळे नियमाने निर्माण केलेली जागा नेमकी कोणाच्या उपयोगाची, याबाबत नियम मौन बाळगतो, आणि हे मौन गृहनिर्माण संस्थांच्या सभांमधून कलहाच्या रूपाने बोलके होते.

७

आता मुरब्याकडे वळले पाहिजे. सातपाटीच्या उत्तरेस खाडीपलीकडे वसलेले हे गाव मासेमारीवर उभे आहे. या किनाऱ्यावरील गावांत घर आणि कामाची जागा यांत भिंत नसते. घराच्या मागेपुढे जाळी पसरून तुणली जातात. खळ्यावर जवळा व सुकट वाळते, बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील टांगले जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला बंदी असल्याने बोटी ओढून, झाकून ठेवाव्या लागतात. या साऱ्या गोष्टींना मोकळी जागा लागते, आणि ती घराजवळ लागते; कारण वाळवण राखणे, फिरवणे आणि पाऊस शिंपडला तर पळत जाऊन उचलणे हे काम घरातील बायकांचे असते. त्यांच्या दृष्टीने अंगण हे क्षेत्रफळ नाही, ते उत्पन्न आहे.

नियमावलीच्या तक्त्यात या जागेचा उल्लेख शोधू गेल्यास तो सापडत नाही. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्राला लागणारा गुणक मोटारींची संख्या कमी करतो, हे खरे. पण गुणकाने संख्या बदलते, प्रकार बदलत नाही. पुण्यात दहा मोटारी मागणारा नियम येथे त्यांहून कमी मागेल, पण मागेल मोटारीच. होडीची, जाळ्याची, खळ्याची जागा तो एकानेही वाढवणार नाही, कारण त्या वस्तूंसाठी स्तंभच नाही. शून्याला कोणत्याही गुणकाने गुणले तरी उत्तर शून्यच येते.

हा अभाव अपरिहार्य होता असे म्हणता येत नाही. शासनव्यवहाराच्या भाषेत या वस्तूंना शब्द नव्हते, ही सबब टिकणारी नाही. ६ जानेवारी २०११ च्या किनारपट्टी नियमन क्षेत्र अधिसूचनेने किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांत मच्छीमारांची गावे, त्यांच्या सामायिक मालमत्ता, मासेमारीचे धक्के, बर्फाचे कारखाने आणि मासळी वाळविण्याचे ओटे वा जागा दाखविण्यास सांगितले होते. मासळी वाळविण्याची जागा ही नकाशावर काढण्याजोगी, मोजण्याजोगी आणि संरक्षणीय वस्तू आहे, हे एका संहितेने नऊ वर्षे आधी मान्य केले होते. दुसऱ्या संहितेने ते वाचले नाही. परिणामी एकाच जमिनीच्या तुकड्याकडे दोन कायदे पाहतात : एकाला तेथे खळे दिसते, दुसऱ्याला तेथे किती गाड्या मावतील हे दिसते.

यावर कोणी म्हणेल की, मुरब्यातील जुन्या घरांना हा नियम आज फारसा जाचत नाही. लहान घरांना सवलत आहे आणि नवे मोठे बांधकाम थोडे. परंतु या प्रदेशाचा कल पाहता हा युक्तिवाद फार काळ टिकणारा नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत, १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुविद्युत केंद्र, १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेली पालघर जिल्ह्याची निर्मिती, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेले डहाणू तालुक्यातील वाढवण बंदर आणि खुद्द मुरबे येथे योजिलेले, स्थानिक मच्छीमारांचा विरोध असलेले बंदर, ही एका दिशेने चाललेली मालिका आहे. जमीन महाग होईल, सदनिका येतील, आणि सदनिकांबरोबर तक्ता येईल. त्या वेळी खळे आणि वाहनतळ यांतील निवड प्रत्येक कुटुंबाला करावी लागेल. वाहनतळाच्या बाजूने कायदा बोलेल आणि खळ्याच्या बाजूने केवळ परंपरा. अशा वादाचा निकाल आधीच लागलेला असतो.

आणखी एक विसंगती याच परिसरात दिसते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला महामंडळाचे स्वतःचे नियम लागू आहेत. भोवतालच्या गावांना राज्याची संहिता. मालवाहू गाडी मात्र ही सीमा ओळखत नाही. कारखान्यात माल भरण्यासाठी आलेला ट्रक पाळीची वाट पाहत ज्या रस्त्यावर उभा राहतो, त्या रस्त्याचा विचार कोणत्याही एका भूखंडाच्या तक्त्यात मावणारा नाही. त्याला खरोखरीच तळ हवा. आणि तळ ही अशी वस्तू आहे की, ती भूखंडाच्या नियमातून कधीच निर्माण होत नाही.

८

नियम काढून टाकावा, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. ज्या देशात सार्वजनिक वाहतूक अपुरी आणि रस्त्यावरील शिस्त दुबळी, तेथे पाश्चात्त्य नगरांचे अनुकरण करून किमान अट एकाएकी रद्द करणे हेही उसन्या विचाराचेच दुसरे रूप ठरेल. विचार करावयाचा तो जबाबदारी कोणावर टाकावी याचा. जपानने १९६२ साली कायदा करून ती मोटारीच्या मालकावर टाकली : गाडी ठेवण्याची जागा दाखव, मग गाडी घे. जागा स्वतःची असो वा भाड्याची. पण ज्याच्याजवळ गाडी नाही त्याच्या घराला त्या कायद्याचा उपद्रव नाही. महाराष्ट्रातही वाहननोंदणीपूर्वी जागेचा पुरावा मागण्याचा विचार २०२५ साली राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीरपणे मांडला. तो मूर्त झाल्यास एकच जागा दोनदा मागितली जाईल, एकदा घराकडून आणि एकदा गाडीकडून. तेव्हा घरावरील अट सैल करण्याचा प्रश्न टाळता येणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सुधारणेचे बीज नियमपरंपरेच्या पोटातच आहे. अनेक मालमत्ताधारकांनी परस्परांच्या सोयीसाठी एकत्र जागा केली, तर प्राधिकरणाच्या मान्यतेने तीच नियमाची पूर्तता समजता येईल, आणि प्राधिकरणानेही अशी जागा विकसित करून तिचा खर्च मालकांकडून प्रमाणशीर घ्यावा, अशा आशयाचे कलम महाराष्ट्रातील विकास नियंत्रण नियमांत दीर्घकाळ चालत आले आहे. तक्त्याच्या गणितापुढे ते वाक्य गौण वाटते. नकाशे तपासणाऱ्याचे लक्ष आकड्यांवर खिळते. वस्तुतः साऱ्या प्रकरणातील तेच एक वाक्य तळाची कल्पना जिवंत ठेवते. गावाच्या वेशीपाशी एक सामायिक गाडीतळ, तेथे मोटारी, टेंपो, मासळी विकावयास जाणाऱ्या बायकांना नेणाऱ्या रिक्षा. आणि आतल्या गल्ल्या माणसांना, जाळ्यांना, वाळवणाला मोकळ्या. हे चित्र स्वप्नरंजन नाही, नियमाच्या भाषेतच ते शक्य आहे. त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतील : किनारी गावांत सामूहिक तळाचा पर्याय अपवाद न ठेवता पहिला पर्याय करावा, आणि तक्त्यात व्यवसायाच्या मोकळ्या जागेसाठी एक स्तंभ वाढवावा, म्हणजे जेथे खळे आहे तेथे ते वाहनतळाइतकेच नियमाने राखले जाईल.

नियमावलीचा गुण तिच्या एकीकरणात आहे, आणि तिचा दोषही तेथेच आहे. सर्व नगरांना एक भाषा देणे हे मोठे काम तिने केले. पण ती भाषा बनविताना ज्यांच्याजवळ वाहन आहे त्यांचेच शब्द तिने गोळा केले. मराठी समाजाच्या व्यवहारात मात्र गाडीखान्याच्या जोडीला गाडीतळ होता, पालखीचा तळ होता, खळे होते, अंगण होते. यांपैकी कोणत्या शब्दांना मोजमाप मिळते आणि कोणते शब्द मोजमापाबाहेर राहतात, यावर किनाऱ्यावरील घराचे पुढील रूप अवलंबून आहे. नगररचनेच्या अभ्यासकाने तक्त्यातील आकडे तपासण्यापूर्वी तक्त्याची शीर्षके तपासली पाहिजेत, हाच मुरब्याच्या उदाहरणाचा बोध होय.